पाचवी तार

उम्म अल क्वैनमध्ये, टायरच्या गोदामामागे,
आमची बत्तीस मीटरची खाडी आहे.
काचेची, सरळ, मासे नसलेली.

एका टोकाला फळी. ती ढकलते.
दुसऱ्या टोकाला खडीचा उतार. तो गिळतो,
सगळं नाही, शंभरातले सहा भाग परत ओकतो.
मधे नऊ ठिकाणी ताणलेल्या तारा,
पाणी कुठवर चढलं ते सांगायला.

माझी लाट वरच्या खोलीत राहते.
चाळीस लाख चौकोनांतून रात्रभर चालते
आणि सकाळी न दमता पोचते.

चौथ्या तारेपर्यंत दोघी जुळ्या.
निळी रेघ लाल रेघेवर अशी बसते
की छापताना एक राहून गेली असं वाटावं.
पाचव्या तारेशी फाटतात.
चार मिलिमीटर.
एकास चाळीसच्या मापात, बाहेर समुद्रावर, सोळा सेंटिमीटर:
धक्क्यावर उभ्या माणसाचा पाय भिजणं
किंवा न भिजणं.

तीन दिवस मी गणित उसवलं.
जाळी बारीक केली, तळाचं घर्षण वाढवलं,
लाटेला जरा आधी फुटायला शिकवलं.
(शिकवलं म्हणजे आकडा बदलला. कबूल.)

दाद करीम तारा पुसतो. मकरानचा बलुच,
बाप सुरमईच्या होडीवर गेला.
शमालनं पत्र्याच्या फटींतून आणलेली धूळ
तो जुन्या बनियननं पाण्यावरून ओढून घेतो,
दुधावरची साय काढावी तशी.
मला म्हणाला, "मॅडम, आप जल्दी करता.
पानी पिछला वाला अभी भूला नहीं."

आणि दिवे घालवून टॉर्च आडवा धरला.
निजलेल्या त्या पाण्यात
केसाएवढा उंच, टाकीएवढा लांब एक हेलकावा
फळीपासून खडीपर्यंत, खडीपासून फळीपर्यंत
येरझाऱ्या घालत होता,
दवाखान्याबाहेरच्या माणसासारखा.

माझ्या गणितात शून्य सेकंदाला पाणी सपाट असतं.
त्याआधी ते नसतंच.

आता दोन चाचण्यांमध्ये चाळीस मिनिटं थांबतो.
दाद करीम सुलेमानी करतो, वेलची दातानं फोडून.
फरक दीड मिलिमीटरवर आलाय.
हा दीड माझा की पाण्याचा, ठाऊक नाही.
अहवालात त्याला जागा ठेवली आहे,
कारणाचा रकाना कोरा.

परवा मीच, न राहवून,
पाणी निवलं का ते बोट बुडवून पाहिलं.
दाद करीम काही बोलला नाही.
त्यानं किटली पुन्हा चढवली.