तिसरं हत्यार

चौतीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत
मी काडतुसं गेजमधून घातली, काढली,
केसाएवढा ओरखडा दिसला की बाजूच्या ट्रेत.
किती कोटी, आता सांगता येत नाही.
त्यातलं एकही
माझ्या कपाटातल्या तिघांना बसत नाही.

पंचवीस बोअर.
गोळी कसली, मेहरूणच्या बोराची आठोळी.
मित्र विचारतात, भारंबे, यानं कावळा तरी उडतो का?
उडतो. आवाजानं.

पहिलं वेब्ली. रेल्वे दवाखान्यातल्या फ्रामरोज डॉक्टरांचं.
रात्रीच्या व्हिजिटला बॅगेत, थर्मामीटरशेजारी.
ते गेल्यावर बाईंनी
गंजू नये म्हणून त्याला टाल्कम लावून ठेवलं होतं.
कितीही तेल दिलं तरी
उन्हाळ्यात खाचांमधून अजून तो वास येतो.

दुसरं ब्राउनिंग. बेबीच म्हणतात त्याला.
चोपड्याच्या जिनिंगवाल्या शेठच्या बंडीत तीस वर्षं.
उघडलं तर आत चिमूटभर तपकीर,
आणि बॅरल असं की काल दुकानातून आणलंय.

तिसरं माउजर, अक्रोडी मुठीचं,
यावलचे रेंजर निंबा सोनवणे यांचं.
लायसन्सची बदली झाली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले,
"एकदा चाललंय,"
आणि प्यायला पाणी मागितलं.
मीही पुढे विचारलं नाही.

रविवारी सहाला क्लबवर, ऊन डोक्यावर यायच्या आत.
समोर मुरमाची टेकडी,
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर बशी उपडी घालून काढलेलं वर्तुळ.
सात पावलं. त्यापुढे जायची यांची ऐपत नाही.
दोन बोटांतच मूठ संपते,
करंगळी खाली लोंबत राहते
पंगतीत पान न मिळालेल्या पोरासारखी.
वर नुसती एक चर, तिच्यातून बघायचं;
बाकी अंदाज.
आवाज पऱ्हाटी मोडावी तसा.

काडतुसं भुसावळचं दुकान बंद झालं तेव्हाची,
डब्याचा पुठ्ठा माझ्याइतकाच पिवळा.
पाचांतली दोन नुसतं टिच करतात.
मग तोंड टेकडीकडेच ठेवून तीस मोजायचे,
हे नव्या पोरांना मीच शिकवतो.
माउजर टिच करून गप्प झालं
की ते तीस आकडे फार लांबतात.
अठरा, एकोणीस,
रेंजर साहेब पाणी पितायत,
वीस.

मग कायदा आला. दोनच ठेवा.
आठवडाभर तिन्ही टेबलावर, पिवळ्या फडक्यावर.
द्वारका भरताची वांगी भाजत होती,
वर न बघताच म्हणाली,
"ज्याइनं कोनाले काही केलं नाही ते दोन ठेवा.
त्यात इतला काय इचार?"

"पण नेमकं तेच सरळ जातं," मी म्हणालो,
"बशीच्या आत, तीनला तीन."

"म्हनूनच," ती म्हणाली
आणि वांगं उलटं केलं.

शेवटच्या रविवारी एकच मॅगझिन भरलं.
काय झालं ते पुठ्ठ्यावर आहे,
पुठ्ठा माळ्यावर आहे.

ठाण्यात पावरा हवालदार, तिशीच्या आतली,
हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्यांची सवय असलेली.
तिनं रजिस्टर ओढलं.
मेक, नंबर, बोअर.
"स्थिती? चालू का बंद?"
मला म्हणायचं होतं, पाचांतली तीन.
म्हणायचं होतं, एकदा.
"चालू," मी म्हणालो.
तिनं लिहिलं.

मी रिकामं आहे हे उघडून दाखवलं,
तरी तिनं स्वतः पुन्हा बघितलं. बरं वाटलं.
मग नंबर वाचायला खिडकीच्या उजेडात धरलं.
बोट ट्रिगरबाहेर, सरळ. कुणीतरी नीट शिकवलेली.

करंगळी मात्र
मुठीखाली राहून गेली, लोंबत.
तिनं ती जरा हलवली,
जागा शोधली,
आणि सोडून दिली.