चिठ्ठीवर तिघे

चिठ्ठी एकच होती.
शंभराचा स्टॅम्प, मधोमध तेलाचा डाग,
वडशाच्या खानावळीत भज्यांची प्लेट सरकवून लिहिलेली.
नाकाडे मालकानं सीजनच्या तोंडावर उचलले
नव्वद हजार. पडदे नवे, माईक नवे.
खाली सह्या आम्हा तिघांच्या :
हिरामण रंगभूषावाला,
तबल्यावरचा कवडू दोनाडकर,
आणि मी, ऑर्गनवाला.
कोणाचे किती, ते लिहिलंच नाही.
गाडी सुटायची होती.

पुसात कवडू गेला.

माघात, कुरखेड्याकडच्या एका खेळात,
दुसऱ्या अंकात खलनायक मरत असताना
मालक माझ्या बाकड्याशी उकिडवा बसला.
"तुहे तीस आत्ताच घे. सही कर, मोकळा हो.
बाकीच्यायचं मी पाहातो."
दिले होते मी वीस.
दोन्ही हात पट्ट्यांवर अडकलेले,
म्हणून वाचलो.
खलनायक त्या रात्री जरा जास्तच वेळ मेला.

ब्रह्मपुरीच्या वकीलबाई म्हणाल्या,
मागायचं तर सगळ्यांनी मिळून मागा,
गेलेल्याच्या जागी त्याचं माणूस उभं करा.
फी पाचशे.
ती मात्र हिरामणनं एकट्यानं दिली,
आणि अजून ऐकवतो.

कवडूच्या गावी पोचलो तेव्हा उजाडत होतं.
यमुना मोहाखाली वाकलेली,
आजूबाजूला आणखी दोन घरच्या बाया.
चिठ्ठी तिला ठाऊकच नव्हती.
ऐकून घेतलं, हात थांबले नाहीत.
मग म्हणाली,
"हे झाड तीन घरचं हाये, भाऊ.
फूल पडते तं कोनाचं नाव घेऊन पडत नाही.
आधी ढीग, मंग वाटे.
अंधारात येऊन एकटीच येचून नेली,
तिले आमी चोर म्हनतो."

आणि जरा थांबून :
"यायचे किती होते?"

हिरामणनं माझ्याकडे पाहिलं.
कागदावर काहीच नव्हतं. कवडू नव्हता.
मोहाचा वास डोक्यात चढत चाललेला.
"पन्नास," मी म्हणालो.
"पन्नासच," हिरामण म्हणाला,
जरा उशिरा.

सीजनचा शेवटचा खेळ.
तिकिटाच्या खिडकीशी तिघं उभे.
मालकानं तीन फुकट पास पुढे केले,
मग तीन पाकिटं, वेगवेगळी.
यमुनानं टोपली जमिनीवर ठेवली,
तळाला दोन सुकी फुलं चिकटलेली.
"याच्यात टाका," म्हणाली. "सगळे."

आत तिसरी घंटा झाली.
ऑर्गनवर कोणी बसलं नव्हतं.
मालकानं आमच्याकडे पाहिलं,
पडद्याकडे पाहिलं,
आणि पहिलं पाकीट फोडलं.