पान एकशे बारा

माझं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
दोन झेरॉक्स मशीन, एक स्टूल, मातेचा थर्मास,
आणि काचेवर कागद:
‘उधार नाही. खरंच नाही.’
उधारीची वही तिसरी चालू आहे.

ब्वेनोस आयरेसमध्ये फेब्रुवारी म्हणजे उन्हाळ्याचं शेपूट.
डांबर बुटांना चिकटतं, प्रवेशाची रांग
लॉ कॉलेजच्या खांबांपासून निघते ती
माझ्या दारावरून औषधांच्या दुकानापर्यंत.
कोणीही या, म्हणतं विद्यापीठ, फी नाही,
फक्त शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, दोन फोटो,
आणि प्रत्येकाची एकेक प्रत.
ते ‘फक्त’ माझ्याकडे मिळतं.
पानाचा भाव खडूने लिहिते. रोज पुसावा लागतो.

यामिला चोके आली हुहुईहून, एक अख्खा दिवस बसमध्ये.
दाखला प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक टॉवेलात,
टॉवेल पोटाशी.
काचेवर ठेवू देईना.
“दिव्याने अक्षरं उडतात का हो?”
नाही गं, म्हटलं. उडाली असती
तर तुमच्या कॉलेजात वकील कुठून आले असते?

आता ते पान एकशे बाराचं सांगते.
सत्त्याण्णव साल. रोमन कायद्याचं जाड पुस्तक,
शिवण उसवलेलं, लायब्ररीत एकच.
प्रोफेसर इतुर्रास्पे रात्री दहाला हातात ठेवून गेले,
सकाळी पाहिजे.
पान मिटू नये म्हणून दाबून धरलं
आणि दिवा सरकला.
खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा छापला गेला,
नखासकट, इस्त्रीने भाजल्याच्या डागासकट.
शेवटचे तीन शब्द त्याच्या खाली.

पुस्तक परत गेलं. प्रत राहिली.
प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी.
अंगठा दरवर्षी थोडा काळा होत गेला,
शब्द मात्र वर आले नाहीत.
कोणी म्हणे तिथे ‘ताबा सिद्ध झाल्यास’ असणार,
कोणी म्हणे गुलामांबद्दल काहीतरी.
लिसांद्रो नावाचा एक लांबोडका दारात उभा राहून ओरडला,
“बाई, त्याच ओळीवर प्रश्न आला!
तुमच्या अंगठ्याखाली माझं एक वर्ष गेलं!”
मी त्याला महिनाभर फुकट प्रती दिल्या.

माझा बाप चाकोत कापूस वेचायचा.
मुकादमाच्या वहीत जांभळा अंगठा.
मी अंगठाबहाद्दर, तू सही शीक, म्हणायचा.
शिकले. सहावीपर्यंत, वळणदार.
आणि कायद्याच्या पुस्तकात गेला तो
अंगठाच.

लायब्ररी समोर आहे, रस्ता ओलांडला की झालं.
दारावर कोणी अडवत नाही.
मी मोजल्यात त्या पायऱ्या. बावीस.
इथूनच मोजल्यात.

हल्ली सगळं फोनवर. एक मशीन बंदच असतं.
पण कोणीतरी ती प्रतसुद्धा स्कॅन केली,
आणि यामिलाने एकदा दोन बोटांनी
माझा अंगठा मोठा केला, भाकरीएवढा.
“नेलिदा, ही तुम्ही?”
मी डाग दाखवला.

नोव्हेंबरात तिची शेवटची तोंडी झाली.
बाहेर मित्र टपलेलेच. अंडी, पीठ, मोहरीची चटणी;
इथे पदवीधराला असंच न्हाऊ घालतात.
ती तशीच निथळत दुकानात शिरली,
मला मिठी मारली, आणि म्हणाली,
“मूळ पुस्तक बघून आले. सांगू?”
सांग.
“याविषयी पुढे पाहू.”
एवढंच?
“एवढंच. प्रकरण संपतं.”

लिसांद्रो, चोरा.

ती गेली. काचेवर अंडं वाळलं होतं.
स्पिरिटने पुसलं, ब्लेडने खरवडलं,
तरी आठवडाभर प्रत्येक पानावर
एक करडा ओघळ उमटत राहिला.
“बाई, हे काय?” एका पोराने विचारलं.
पोरगी पास झाली, म्हटलं.
त्याने पैसे मोजून ठेवले.