दोन नंबरचं बटण

आधी बॅटरीची वायर काढायची,
मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही.
सीटखाली पिवळं सॉकेट असतं, एअरबॅगचं,
त्याच्याशी घाई चालत नाही.
जुनेद चहा आणायला गेला.
होटगी रोडवर ऊन पत्र्यासारखं वाजत होतं.

यन्नम शेठची गाडी. टॉवेलचा कारखाना.
सीट मागे जाऊन अडकलेली, पुढे येईना.
सायबण्णा ड्रायव्हरनं तशीच चालवली चार दिवस,
पाठीशी चादरीची घडी,
काठावर बसून, टाच उचलून ब्रेक.
"चार दिवस ही चादर?"
"चादर व्हय? ती अकरा वर्षं झाली हाय की."

चार बोल्ट. सीट उलटी केली.
खाली एक रुपया, शेंगाचटणीची पुडी, शेठच्या नातीची क्लिप,
आणि ते मोड्यूल, काडेपेटीहून थोडं मोठं,
उसाचा रस पिऊन पिना हिरव्या झालेल्या.
नवं अठरा हजार, पुण्याहून, पंधरा दिवस.
शेठ फोनवर म्हणाले, जुनं बघ.
जुनं मिळालं, भंगारातल्या तसल्याच गाडीचं,
साडेतीन हजारात.
ती गाडी पुढून कशी होती, हे मी विचारत नाही.

जोडलं. चावी फिरवली.
एक दाबलं. काही नाही, रिकामं.
दोन दाबलं
आणि सीट आपली आपण चालू लागली,
मागे, आणखी मागे, खाली, मग पाठ रेलली,
जसा कुणी उंच माणूस
जेवूनखाऊन, गाणी लावून
लांबच्या रस्त्याला निघालाय.
जुनेदच्या हातात ग्लास तसेच.
सायबण्णानं रिकाम्या सीटकडे बघितलं
आणि चपला काढल्या.

एकवर शेठ, ते ठरलेलंच.
"दोनवर तुम्ही बसा, सेट करून टाकतो."
"मला कशाला ओ बसवलालाव त्यात?"
मग जरा वेळानं,
"आन त्यो?"
"पुसला जाईल."

चहा निवला. एक रिक्षावाला हॉर्न दुरुस्त करून गेला.
मग चादर बाजूला ठेवून तो बसला.
बटण दाबायचा एकेका बोटानं,
दुसऱ्याच्या घरातला दिवा लावावा तसा.
पुढे. अजून थोडं. वर.
पाय पुरले.
आरशात अकरा वर्षं अर्धं छत दिसायचं,
तिथं रस्ता आला, मागून येणारी एसटी आली.
"थांबा," म्हणाला.
मला वाटलं, नको म्हणतोय.
त्यानं फक्त केसांवरून हात फिरवला,
फोटो काढणार असल्यासारखा ताठ बसला.

मी सेट दाबलं, मग दोन.
टुक्. एवढाच आवाज.

शेठनी बिल दिलं, घासाघीस करून.
दोन नंबरचं त्यांना कुणी सांगितलं नाही.
चादर मात्र सायबण्णानं टाकली नाही,
मागच्या काचेपाशी ठेवली, घडी न मोडता.
मशिनीचा काय भरवसा, म्हणाला.