नाटकाआधीचं ताट

ग्लासगोत तीन दिवस. माझ्याकडे यादी होती
सात ठिकाणांची, दोन रात्री जागून केलेली:
चव नामी, माणशी वीस पौंडांच्या आत,
मुक्कामापासून चालत.
शशीमावशीकडे होती
मिरजेत कॉलेजमागे
सत्तावीस वर्षं चालवलेली खानावळ.

पहिल्या संध्याकाळी दाराशी पाटी:
नाटकाआधीचं जेवण, पाच ते साडेसहा,
दोन पदार्थ, सोळा पौंड.
"कुठलं नाटक?"
कुठलंच नाही गं, नुसतं म्हणतात तसं.
आतल्या नऊ टेबलांवर
तिसऱ्या घंटेची घाई कुणालाच नव्हती.
मासा आला, वर कुरकुरीत,
काटा लावला की पाकळ्या सुटणारा.
मावशी चवीनं जेवली, मग म्हणाली,
"शेगडी पेटलेली, आचारी हजर,
आणि गिऱ्हाईक अजून घरी.
ही वेळ मीही अर्ध्या दरात विकायची.
नाव तेवढं सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी कळलं,
ती मेन्यू वाचतच नाही.
ती आत परत जाणारी ताटं वाचते.
यादीतल्या एक नंबरला
आम्ही कोट काढून बसलोसुद्धा होतो;
तीन ताटांत बटाटे तसेच परतले.
"ऊठ."
वेटरकडे न बघता मी उठलो.
रेल्वेच्या कमानीखाली मग
व्हिएतनामी बाईंकडच्या वाडग्यात नाक घालून
आम्ही दोघं गप्प.
तिथली भांडी परत जाताना
चाटूनपुसून लख्ख.
साडेनऊ पौंड.
मावशीनं वाडगा बोटानं वाजवून पाहिला.

तिसऱ्या दिवशी वाट चुकलो.
दुपारचे तीन, बारीक भुरभुर,
गोवनहिलमधल्या एका कुर्दी हॉटेलात
खुर्च्या टेबलांवर उलट्या.
बंद आहे, म्हणाला मालक. हेमिन त्याचं नाव.
मागच्या टेबलाशी त्याची वहिनी
आणि भांडी घासणारा लालकेशी फर्गस
काहीतरी जेवत होते.
मावशीनं मान वाकडी करून बघितलं.
"त्याला विचार, तुम्ही जे खाताय ते आहे का अजून?"
"मावशी, ते विकायचं नाहीये."
"म्हणूनच विचार."

लाल मसूर, वर काळपट होईतो परतलेला कांदा,
लिंबाची फोड, कालचा पाव शेकून.
चौघांचं पाच जणांत पुरवतात तसं
पळीभर पाणी वाढवलेलं,
तेही तिला कळलं.
दुसऱ्यांदा मागून घेतलं.

पैसे नकोत, म्हणाला हेमिन, छातीवर हात ठेवून.
मावशीचा चेहरा पडला नाही, ताठ झाला.
"फुकट घालून चालतं का दुकान?"
कागदी रुमालावर तिनं मांडलं:
मसूर. कांदा. तेल. लिंबू. गॅस.
या पोराचे हात. भाडं.
नफा सत्तर पेन्स. त्याखाली रेघ.
एका ताटाचे चार पौंड तीस.
मी एकेक शब्द इंग्रजीत सांगत गेलो,
आकडे त्याला आधीच कळले होते.
त्यानं पेन घेतलं, बाकी सगळं तसंच ठेवलं,
फक्त भाड्याचा आकडा खोडला
आणि शेजारी जो लिहिला
तो बघून मावशी बराच वेळ काही बोलली नाही.
मग पर्स उघडून
दोघांचे मिळून पंधरा ठेवले.

बाहेर आल्यावर यादी मी घडी करून खिशात घातली.
चार नावं अजून शिल्लक होती.
"आज साडेसातचं एखादं असेल का?"
"जेवण?"
"नाटक रे.
रात्रीचं कधी पाहिलंच नाही.
पडदा वर जायच्या वेळेला
माझी पहिली पंगत बसायची."

सर्वांत वरची, सर्वांत स्वस्त रांग.
भाषा तिला दोन आणे कळली असेल.
मध्यंतरात आइस्क्रीमचा इवलासा डबा उचलला,
खालची किंमत वाचली,
आणि पोरीच्या ट्रेमध्ये
हळूच, नीट, होता तसा ठेवून दिला.