झाकण बंद झालं पाहिजे

फ्रिजवर कौन्सिलचं कॅलेंडर.
निळे चौकोन कागदाचे, हिरवे बागेचे,
आणि काळा, आमचा काळा,
एकवीस दिवसांतून एकदा.
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे,
आपलं तर तीन आठवड्यांतच भागतंय,
इवोर म्हणतो,
आणि डब्यावर चढून पायाने दाबतो.

नियम छापलाय ठळक: झाकण पूर्ण बंद झालं पाहिजे.
दोन बोटं जरी उघडं राहिलं
तरी लाल चिठ्ठी चिकटवून गाडी पुढे जाते,
आणि मागे उरतात सीगल,
ज्यांना वेल्शही कळत नाही, इंग्रजीही नाही,
फक्त पिशवी कुठून फाडायची ते कळतं.

तक्रार केली होती मी, दोन पानी.
तिला केराची टोपली दाखवली.
त्यांची टोपली किती दिवसांनी नेतात
हे विचारायचं राहून गेलं.

सगळं माझंच खूळ, हे मान्य.
हेलेदच्या जन्माआधी मीच ठरवलं होतं:
कापडी लंगोट, काचेच्या बरण्या,
परसात गांडुळांची पेटी.
गांडुळं नोव्हेंबरात मेली.
या खोऱ्यात ऊन म्हणजे अफवा,
तेव्हा लंगोट रेडिएटरवर, खुर्च्यांच्या पाठींवर,
इवोरच्या सायकलच्या दांडीवर,
घराला भिजल्या बिस्किटाचा वास.
चौथ्या महिन्यात मी विकतचं पाकीट आणलं,
बटाट्यांखाली लपवून,
जशी सोडलेली सिगारेट कुणी पुन्हा आणतं.

दह्याचे कप अजूनही धुते, गरम पाण्याने.
मग हिशेब मांडते: पाणी किती, गॅस किती,
आणि मी किती.
जुळत नाही. धुते तरीही.

परवा, विसाव्या रात्री, चार वाजता
हेलेदला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होते.
शेजारचा इद्वल बाहेर आला, सपाता घालून,
पायजम्यावर खाणीतला जुना कोट.
त्याचा डबा संध्याकाळपासूनच रस्त्यावर,
दांडा बाहेरच्या बाजूला, अगदी नियमाप्रमाणे.
झाकण उचललं त्याने,
आतून एक पिशवी काढली,
काखेत धरली, परत घरात नेली.
पाटीवर चिखलातली पावलं उमटावीत
तसा दिवा लागला आणि विझला.

सकाळी मी निर्लज्ज झाले.
हातात लंगोटांच्या सहा पिशव्या,
नाक दुसरीकडे.
तुमच्या डब्यात थोडी जागा...?
"जागाच जागा आहे, मेरेरिद.
एकट्या माणसाचा कचरा तो केवढा?
चहाची पुरचुंडीसुद्धा मी दोनदा वापरतो."

मग न विचारताच म्हणाला,
"ओल्वेनचे बागेतले बूट.
एकाचा तळ गेलाय. कुणाला देण्याजोगे नाहीत.
रिसायकलवाल्यांना फोन केला, तेही नको म्हणाले.
म्हणून दर खेपेला यातच ठेवतो.
वाटतं, आज जाऊ दे.
मग पहाटे जाग येते."

किती खेपा, मी विचारलं नाही.
ती जाऊन दुसरा हिवाळा आहे;
गुणाकार मला येतो.

चॅपलच्या वळणावर गाडीचा आवाज आला.
घाईत त्याने आतून पिशवी आणून माझ्याकडे दिली,
जरा धर म्हणाला,
आणि माझ्या सहाच्या सहा पिशव्या आत कोंबून
दोन्ही तळव्यांनी, खाणकामगाराच्या तळव्यांनी,
झाकण दाबलं.
बंद झालं.
आमचंही झालं, इवोर वरून उतरल्यावर.

पिवळ्या जाकिटातला पोरगा, ओठांवर शिट्टी,
दोन्ही डबे रिकामे करून वळला,
माझ्या हाताकडे बघून म्हणाला,
ती पण टाकू?

प्लॅस्टिकमधून माती लागत होती बोटांना,
वाळलेली, बहुधा वाफ्यातली.

नको, मी म्हटलं.
ही पुढच्या खेपेला.