अक्षराला तीन रुपये

भांडीबाजारात, सरकारवाड्याच्या पायऱ्यांकडे पाठ करून
मी भांड्यांवर नावं घालतो.
अक्षराला तीन रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट. जोडाक्षर एकच धरतो.

या जिल्ह्यातलं एक नाव माझ्या हाताला पाठ आहे.
नि. वृ. त्ती.
सिन्नरचे निवृत्ती, दिंडोरीचे निवृत्ती,
रुखवताच्या हंड्यावर मुलीचे वडील म्हणून,
तांब्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून.
डोळे मिटूनही घालीन,
फक्त वृचा पाय वळवताना श्वास धरतो.

लोक म्हणतात, त्र्यंबकला समाधी आहे ना, म्हणून.
तो थोरला, म्हणून घरातलाही थोरला.
मागे ज्ञानदेव, सोपान, नशिबात असली तर मुक्ता.
आया अशी रांग आधीच लावून ठेवायच्या.
पुष्कळ घरांत रांग पहिल्यावरच थांबली.
‘नावच तसं ठेवलं, दुसरं काय होणार,’
असं म्हणून हसायच्या,
आणि हंडा पदरानं पुसायच्या.

गायधनी गुरुजी एकदा संध्येची पळी घेऊन आले.
म्हणाले, ‘अरे, शब्द बाईचा आहे. ती निवृत्ती.
आणि बाप्ये मिशांना पीळ देऊन मिरवतात.’
मग पळीनंच हवेत गोल काढला.
‘वृत् म्हणजे फिरणं. वर्तुळ त्यातलंच.
नि लागला की माघारी फिरणं.
सगळं सोडून बसणं वगैरे मागून चिकटलं.
मुळात एवढंच, की गेलेला वळला.’

मला ब्रह्मगिरीतला तो पोरगा दिसला,
वाघाच्या भीतीनं वाट चुकलेला.
खाली घरचे हाका मारून दमलेत
आणि तो गुहेतून निघून
सावकाश उतरतोय.
गुरुजींनी दोन अक्षरांवर घासाघीस केली, ती वेगळी.

शनिवारी सातपूरहून चौघं आले,
अंगात कंपनीचे निळे कपडे,
वर्गणीचं पितळी घंगाळ दोघांत धरलेलं.
चिठ्ठीवर: निवृत्ती कारभारी सानप यांस
सर्व कामगारांकडून सप्रेम भेट.
सेवानिवृत्ती, एकतीस मे.

‘दोनदा आलंय,’ मी म्हटलं.
‘एक माणूस आहे, एक तारीख आहे,’
त्यातला चष्मेवाला म्हणाला.
तेहतीस वर्षं टर्नर.
लेथवर लोखंड फिरवलं, फिरवलं.
‘सोमवारी सकाळी कुठं जाईल कोण जाणे.’

काठाला गोल घालायचं ठरलं.
ते वर्गणीतल्या उरलेल्या दीडशेवरून भांडत होते,
माझा कान तिकडे, सुई चालू,
अक्षरं ऐसपैस पडत गेली.
‘सेवा’ घालून हात उचलला
तर पुढं काठ संपलेला,
आणि जिथं सुरुवात केली होती
तिथं त्यांचं नाव उभं.

चौघांनी वाकून पाहिलं.
एक म्हणाला, बिघडवलं राव यांनी.
चष्मेवाल्यानं घंगाळ मांडीवर घेतलं,
हळू फिरवलं,
सेवा, निवृत्ती,
परत एकदा फिरवलं,
आणि म्हणाला, राहू द्या.
तारखेला जागा उरलीच नव्हती.
न घातलेल्या अक्षरांचे पैसे मी मोजून दिले.

जूनच्या मध्यावर एक उंच माणूस आला.
जुना स्टीलचा डबा, कडा चेपलेल्या,
नाव झिजून नुसती वेलांटी राहिलेली.
‘काढता येतं का हो नाव?’
मी म्हटलं, ‘इथं फक्त घालून मिळतं.
काढायचं ते पोरांनी.’
तो हसला नाही. मग हसला.
‘तेच घाला पुन्हा,’ म्हणाला.

कुठलं ते मी विचारलं नाही.
मशीन टर्रर्र करत होतं
आणि त्याच्या दोन बोटांत
डब्याचं झाकण
आपोआप फिरत होतं.